लसणाचा खरा भाव

सुमती गेल्याचं मला फोनवर कळलं. तिच्या छातीत दुखायला लागलं म्हणून आमचा मुलगा नील तिला सकाळीच हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला होता. मला तिनेच घरी ठेवलं. रविवार होता. बायका येतील, त्यांचे वाटे द्या, म्हणाली. फोन आला तेव्हा मी लसूण तोलत होतो.

डोंबिवलीत भाजी परवडेना म्हणून तिने बिल्डिंगमधल्या आठ घरांसाठी ही सोय काढली होती. शनिवारी कल्याणच्या मार्केटमधून कांदे, बटाटे, लसूण घाऊक भावाने आणायचे आणि रविवारी आमच्या हॉलमध्ये वाटून घ्यायचे. जो भाव पडेल तोच, वर रिक्षाचं भाडं सगळ्यांत.

महिन्याभराने तिसऱ्या मजल्यावरच्या हेमांगीने विचारलं, आता बंद करायचं का. मी आणतो म्हणालो. रविवारी तरी घरात माणसं येतील, एवढंच डोक्यात होतं.

पहिल्याच शनिवारी लसूण जवळजवळ दुप्पट झालेला. मी सगळ्या गाळ्यांवर फिरलो, परत पहिल्याकडे आलो. सगळीकडे तेच. घेतला. रविवारी बायका आल्या, खाली बसल्या, सुमतीबद्दल बोलायला लागल्या. हेमांगीने भाव विचारला आणि माझ्या तोंडून सुमतीचाच जुना भाव गेला.

"बाहेर केवढा वाढलाय! काका, काकूंना नसतं हो जमलं हे," हेमांगी म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसलो.

पुढे कांदाही वाढला. माझी पेन्शन रिटायर झालो तेव्हा ठरली तेवढीच आहे. वरचा फरक मी एफडी मोडून भरला. स्वस्त मिळतं म्हणून बाजूच्या बिल्डिंगमधल्या चौघी आल्या. हेमांगीने माजिवड्याच्या बहिणीचंही नाव घातलं. जितकी घरं जास्त, तितका खड्डा मोठा. आठवडाभर मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालायचो. बातम्यांत भाजीचे भाव लागले की चॅनल बदलायचो, घरात कोणी नसलं तरी.

तळमजल्यावरच्या रतनने पकडलं. तिचा नवरा धाकू मार्केटमधून शीळफाट्याला टेम्पोने माल नेतो, त्याला सगळे भाव तोंडपाठ. बाकीच्या गेल्यावर ती दारात थांबली.

"काका, तुम्ही काय सरकार आहात, भाव खाली ठेवायला? त्यांना कर्ज तरी मिळतं. तुम्हाला कोण देणार?"

मी म्हटलं, खरा भाव तुम्हालाच परवडणार नाही.

"मग कमी घेऊ. आम्ही काय पहिल्यांदा कमी घेणार? पण असं फुकटचं नको."

खरा भाव सांगितला तर सगळ्या येतील का, असं मी विचारलं. तिने जरा विचार केला.

"सगळ्या नाही येणार," म्हणाली. "पण सांगा तुम्हीच. मी नाही सांगणार."

पुढच्या रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हेमांगीने भाव विचारला. आधी तोलून होऊ दे, म्हणालो. तोलून झालं, पिशव्या भरल्या. रतनने खऱ्या भावाने पैसे मोजून टीव्हीजवळ ठेवले आणि पिशवी उचलून गेली. बाकीच्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. संध्याकाळी ग्रुपवर टाकतो, म्हणालो.

भाजीचा व्हॉट्सअॅप ग्रुप सुमतीच्या फोनवर आहे. मेसेज तिच्या नावाने जाईल.

आज मंगळवार. फोन चार्ज करून ठेवलाय. भाव अजून टाकलेला नाही.