तिच्या वतीने

आलिक्कुट्टीने कापूर घातलेल्या पाण्याचा शेवटचा तांब्या बिय्यात्तूच्या डाव्या खांद्यावरून सोडला आणि तांब्या पालथा ठेवला. त्याची पाठ भरून आली होती. मय्यत कुशीवर वळवून धरायला दुसरं माणूस लागतं. ते आलंच नव्हतं.

गावातल्या बायकांच्या मय्यती वर्षानुवर्षं बिय्यात्तूनेच धुतल्या होत्या. कुणाची आई, कुणाची सासू, बाळंतपणात गेलेली कुणाची पोर. निरोप आला की भाताचं ताट सारून ती उठायची. आज पहाटे ती गेली, मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला, आणि ऊन अंगणात उतरलं तरी पडद्याच्या आत एक बाई फिरकली नाही. शेवटी त्यानेच बाह्या सारल्या. नवऱ्याने बायकोला धुतलेलं चालतं, हे त्याला तिनेच कधीतरी सांगितलं होतं.

त्याने तिच्या केसांच्या तीन वेण्या घातल्या. तिच्या वेणीला त्याचा हात आज पहिल्यांदाच लागत होता. कफन बांधून त्याने पडदा सारला.

अंगण माणसांनी भरलं होतं.

"आत कोण कोण आहे, आलिक्का?" शेजारच्या आयिशुम्माने विचारलं.

"कोणी नाही."

"अगंबाई. कदीजा आली असेल म्हणून मी चुलीवरचं उरकत बसले."

"मला वाटलं तू गेलीस," कदीजा मागून पुटपुटली.

मशिदीत नमाज पढवणारे मुसलियार पुढे आले. "मनाला लावून घेऊ नका. हे फर्ज सगळ्या गावाचं. एकाने केलं की बाकीच्यांच्या मानेवरचं उतरतं. तुम्ही केलंत, गाव सुटलं."

"आणि मी नसतं केलं तर?"

"तर पाप सगळ्यांच्या माथी."

"मग स्वस्तात सुटलात," आलिक्कुट्टी म्हणाला. "गावाला सोडवायला नव्हतं धुतलं मी तिला."

कुणीतरी खाकरलं. जनाजा अंगणात आणून ठेवला. उचलण्याआधी घरच्या माणसाने विचारायची रीत होती. त्याने विचारलं, "हिचं कुणाचं काही देणं असेल तर माझ्याकडे या. काही चुकलं असेल तर माफ करा."

"माफ केलं," अंगण एका आवाजात म्हणालं. बायकासुद्धा म्हणाल्या.

मशीद कमिटीचे मोयदू हाजी त्याच्या कानाशी आले. "आता पुढचंही बोलून टाक. आमच्याकडे हिचं काही राहिलं असेल तर हिच्या वतीने तू सोडलंस म्हणून. लोक खोळंबलेत."

आलिक्कुट्टी मुसलियारांकडे वळला. "माणसाचा हक्क बुडवला तर अल्लाहसुद्धा माफ करत नाही, ज्याचा त्यानेच सोडावा लागतो. दर शुक्रवारी तुम्हीच सांगता ना?"

"सांगतो."

"मग हिचा मी कसा सोडू?"

आयिशुम्माने ओढणीचं टोक तोंडात धरलं.

आलिक्कुट्टी वाकला आणि पुढचा दांडा त्याने खांद्यावर घेतला. तशी सगळी गर्दी जनाज्याकडे धावली. चौघांचं काम, पण इतके हात लागले की त्याच्या खांद्यावर तिचं वजनच येईना. त्याने दांडा खाली ओढून घट्ट धरला आणि चालू लागला.