फळ्यावरचा निळा कोपरा

माझ्या कोपऱ्यातला बोटभर निळा रंग पाहून हसू नका, मित्रांनो. मी एक जुना फळा आहे, कुरखेड्याजवळच्या एका लहान शाळेतला. हाफिजमिस्त्रींनी सागाच्या तीन फळ्या रंध्याने गुळगुळीत करून मला जोडले. दरवर्षी मुले वालाचा पाला आणि कोळसा वाटून मला माखत. मग मी काळाकुळकुळीत होई आणि खडूचे प्रत्येक अक्षर धरून ठेवी.

२००३ सालच्या जानेवारीत परदेशातून आठ तरुण पाहुणे आले. कॉलेजात जाण्याआधी एक वर्ष सेवा करायची, म्हणून निघालेली ती भली पोरे. रविवारी त्यांनी शाळेच्या भिंती रंगवल्या आणि मलाही चकचकीत निळा तेलरंग दिला. माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढले. मी काय मिरवलो म्हणून सांगू!

सोमवारी सत्यशीलाबाई अपूर्णांक लिहू लागल्या, तर खडू सर्रकन घसरला. चौथीतल्या नंदिनीची शिष्यवृत्तीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. तिच्याकडे सरावाचे पुस्तक नव्हते. माझ्यावरची गणितेच तिचे पुस्तक.

"बाई, काईच दिसून नाई राह्यलं," ती रडवेली झाली.

पाहुण्यांची गाडी वाघ पाहायला निघाली होती. त्यांच्यातली क्लारा निरोप घ्यायला दारात आली होती. तिला मोडके मराठी येई. "पण... सुंदर आहे ना?"

"सुंदर हाये, पोरी. पन लिहू कुठी?" बाई म्हणाल्या. "आधी विचारलं काऊन नाई?"

क्लाराने नखाने माझा निळा रंग खरवडून पाहिला. बाईंनी बोलावलेले हाफिजमिस्त्री तेवढ्यात आले. त्यांनी तिच्या हाती पॉलिश पेपर दिला. "घे, घास. वाघ काई तुह्यासाठी उपाशी बसला नाई."

गाडी गेली, क्लारा राहिली. तीन दिवस ती मला घासत होती. मग मुलांनी तिला पाला वाटायला बसवले. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले.

"ताई, तुले तर पालाबी वाटता येत नाई!" नंदिनी खळखळून हसली.

"शिकव," क्लारा म्हणाली.

चौथ्या दिवशी माझ्यावर पुन्हा अपूर्णांक उमटले. नंदिनीला शिष्यवृत्ती मिळाली.

पुढच्या वर्षी क्लाराचे पत्र आले. वाकड्या अक्षरांत एकच ओळ होती: "मी आणि एक मित्र येतो. काय पाहिजे?"

बाईंनी उत्तर नंदिनीला लिहायला सांगितले. तिने आधी माझ्यावर लिहून पाहिले: "रंग नको. सरावाची पुस्तके आणा. पाला आम्ही तोडून ठेवतो."

एक निळा कोपरा मिस्त्रींनी मुद्दाम घासू दिला नव्हता. मित्रांनो, कोणाच्या मदतीला निघाल तेव्हा तो आठवा आणि दारातूनच विचारा, काय पाहिजे?