आश्रुबाच्या हातचा मध

धुरपताबाईच्या घरात भाकरीला कुलूप नव्हतं, दह्याला नव्हतं, पण मधाच्या बरणीवर मात्र कडक पहारा होता. पहारेकरी ती स्वतःच. पाण्याचा थेंब गेला की मध आंबतो, असं तिचा नवरा आश्रुबा सांगायचा. म्हणून बरणीला ओला हात लागू द्यायचा नाही. आता सून चतुरा, तिचे हात सदा पाण्यात. तेव्हा तिनं बरणीकडे फिरकायचंच नाही, असा सोयीचा अर्थ सासूनं लावून टाकला होता.

ओढ्याकाठच्या उंबरावरचं पोळं आश्रुबानं काढलं आणि त्याच उन्हाळ्यात तो तापानं गेला. तो मध खायचा तरी कसा? संपला म्हणजे त्याच्या हातचं घरात काहीच उरलं नसतं. गोडाची एवढी हावरी बाई, पण चार वर्षं तिनं त्यात बोट बुडवलं नाही.

मग मुलखात रझाकारांची धामधूम वाढली. पेडगावातली घरं एकेक करून वऱ्हाडाकडे निघाली. तिचा मुलगा भुजंग म्हणाला, डोक्यावर मावेल तेवढंच घ्यायचं. अंगणात जमिनीखाली ज्वारीचं पेव होतं, अर्धं भरलेलं. बरणी त्यातच पुरायची ठरली. पेवाचं तोंड अरुंद, त्यातून उतरेल अशी बारीक अंगाची एकटी चतुरा. झाकण मेणानं पक्कं बंद केलेलं होतं, तरी धुरपताबाईनं शंभरदा बजावून बरणी तिच्या हाती दिली.

निजामाची राजवट गेली आणि दसऱ्याच्या सुमारास ही माणसं परतली. भुजंगनं पेव उघडलं, कोंडलेली हवा जाऊ दिली, दिवा आत सोडून पाहिला. दिवा टिकला तेव्हा चतुरा उतरली. पावसाचं पाणी कुठूनसं झिरपलं होतं. कडेची ज्वारी काळी पडून तिचे गोळे झाले होते, वासानं डोकं उठत होतं. मधली तेवढी वाचली होती, आणि तिच्यातच बरणी होती.

धुरपताबाईला ज्वारीचं सुचलंच नाही. तिनं बरणी मांडीवर घेतली, मेण खरवडलं, झाकण काढलं. आत पांढरं, दाणेदार काहीतरी गच्च बसलं होतं. बुरशीच ती! आश्रुबा दुसऱ्यांदा गेला असं तिला वाटलं. या घरात मध पूर्वी कधी शिल्लक राहिलाच नव्हता. आला की फस्त. जुना मध कसा दिसतो हे तिला कुठून ठाऊक असणार?

“ओल्या हातानंच ठिवलीस,” ती सुनेला म्हणाली आणि बरणी घेऊन उकिरड्याकडे निघाली.

चतुरा आडवी आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

“आत्याबाई, वास जवारीचा यायलाय, ह्याचा न्हाई.” तिनं बोट पदराला कोरडं पुसलं, त्या पांढऱ्यावर टेकवलं आणि जिभेला लावलं. “गोड हाय. नुसती साखर धरलीया. आमच्या म्हायेरी चुडाव्याला बी असंच व्हतं. उन्हात ठिवा.”

धुरपताबाईनं ठेवली, पण तिला पटलं नव्हतं. बरणीशेजारी ती स्वतःही तापत बसली. ऊन कललं तेव्हा कडेचा मध सुटला आणि मेणाचा एक तुकडा वर आला. आश्रुबाला मध नीट गाळायचा भारी कंटाळा. त्याच्या मधात मेण असायचंच. ती पदर तोंडाला लावून रडली, आणि मग त्याच्या आळशीपणाला हसली.

वाचलेल्या ज्वारीच्या भाकरी चतुरानं थापल्या. ताटं मांडून धुरपताबाईनं तिला हाक मारली. चतुरा पिठाचे हात धुऊन आली, बोटांतून पाणी ठिबकत होतं. बरणी दिसली तशी ती उंबऱ्यातच थांबली. धुरपताबाई उठली, सुनेचे दोन्ही हात तिनं आपल्या पदरानं बोट न् बोट कोरडे केले आणि बरणी त्यांत दिली.

“तू वाढ,” ती म्हणाली. “लय दिस नुसता राखला म्या. आज खाऊ समदे.”