एक दात जरी तुटला

चाकं दाजींच्या डोक्याएवढी आणि आतून तितकीच पोकळ, अशी ती गाडी ताईच्या पुढच्या खोलीत टेबलावर मधोमध बसलेली असायची. रिमोटवर चालायची, नायट्रोचं इंधन प्यायची, आणि सुरू झाली की शेजाऱ्यांचं कुत्रं पलंगाखाली जायचं. तिला खेळणं म्हणायचं नाही. मी एकदा म्हणालो, तर जेवण संपेपर्यंत दाजी माझ्याकडे बघून नुसते उसासे सोडत होते.

त्या खोलीत ताईला चित्रकलेचा वर्ग घ्यायचा होता. घरात चांगला उजेड येतो तो तिथेच, आणि तो पडायचा स्क्रूंच्या डब्यांवर. ताईच्या विद्यार्थिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रंगवायच्या. त्यांच्या आकाशांवर तेलाचे शिंतोडे असायचे.

दाजींचं खरं वैर होतं एका प्लास्टिकच्या चक्राशी. इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती या मोठ्या दातेरी चक्रातून. कंपनीच ते प्लास्टिकचं देते. गाडी उडी मारून जोरात आपटली की त्याचे दात जातात, मग ते काढून नवं बसवायचं. दाजींना हा व्यक्तिगत अपमान वाटायचा.

"प्लास्टिक! एवढ्या गाडीला कवळी लावलीय, कवळी!"

शेवटी त्यांनी लेथवाल्याकडून पोलादी चक्र करून आणलं. जेवताना ताटाशेजारी ठेवलं. मधूनमधून नखाने टिचकी मारून त्याचा आवाज आम्हाला ऐकवला.

"हे झिजणार नाही. हे मोडणार नाही. रविवारी क्लबात दाखवतो एकेकाला."

"आणि मोडलं तर?" ताईने भाजी वाढता वाढता विचारलं.

"मोडलं तर? अगं, या गाडीचा एक दात जरी तुटला ना, तर ही खोली तुझी! मेहुणे, तुम्ही साक्षीदार."

माझ्या तोंडात घास होता. तो होकार धरला गेला.

क्लब म्हणजे घरी आपलं कुणी ऐकत नाही म्हणून एकत्र जमून एकमेकांचंही न ऐकणारे काही पुरुष. त्यातल्या त्यात शहाणे दातांचे डॉक्टर. रविवारी ताई आणि मीही मैदानावर गेलो. डॉक्टरांनी पोलादी चक्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत दिलं.

"अहो, प्लास्टिकचंच राहू द्या. कवळी बदलता येते. जबडा बदलायला जड जातं."

"तुम्ही तुमची दाढ काढा, डॉक्टर," असं म्हणून दाजींनी रिमोट उचलला.

मैदानात मातीचा उंचवटा होता. गाडी हवेत गेली की रिमोटवरचं बोट सैल सोडायचं असतं, म्हणजे जमिनीला टेकताना चाकं भरधाव फिरत नसतात. दाजींनी सोडलं नाही. सोडणं त्यांच्या स्वभावातच नाही; घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा ते झोपेत घट्ट धरून असतात.

पहिल्या उडीला टाळ्या पडल्या. पुढच्या उडीला गाडी आपटली, कडकड असा आवाज झाला, आणि मग इंजिन नुसतंच किंचाळत राहिलं. गाडी जागची हलेना.

दाजींनी धावत जाऊन इंजिन बंद केलं, ते चक्र सोडवलं आणि डोक्यावर उंच धरलं. "बघा! एक ओरखडा नाही!"

क्लबाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना काहीही चालतं.

"दाजी, गाडी चालत नाहीये," मी म्हणालो.

"गाडीचा प्रश्नच नाही, मेहुणे. प्रश्न दाताचा होता. पैज मी जिंकलो."

ताईचा चेहरा उतरला. तेवढ्यात डॉक्टर सवयीने गुडघ्यावर बसले आणि त्यांनी मागच्या चाकांमधली गिअरची डबी उघडली. आतून काळ्या ग्रीसमध्ये लडबडलेले धातूचे तुकडे त्यांनी ताईच्या रुमालावर ओतले.

"पार बोळकं झालंय," ते म्हणाले. "पुढच्या डबीतलेही हलतायत. धक्का कुठेतरी जाणारच ना? कवळीने तो खाल्ला असता."

"हे दात धरायचे नाहीत!" दाजी ओरडले. "मी मोठ्या चक्राबद्दल बोललो होतो!"

"'या गाडीचा' म्हणालात," ताई म्हणाली. "मग हे काय शेजाऱ्याच्या गाडीचे आहेत?"

"मेहुणे, तुम्हीच सांगा. काय म्हणालो होतो मी?"

ताईच्या लग्नापासून दाजींनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. वाया कसं घालवणार?

"'या गाडीचा एक दात जरी तुटला,'" मी म्हणालो. "शब्द न् शब्द."

खोली रिकामी व्हायला पूर्ण आठवडा लागला, कारण दाजी प्रत्येक स्क्रूचा वेगळा निरोप घेत होते. गाडी आता जिन्याखाली असते. डॉक्टरांनी डबीतले गिअर बदलून तिला कंपनीची कवळी बसवून दिली आणि ती उत्तम पळते, असं क्लबात सगळे सांगतात.

पोलादी चक्र मात्र ताईने ठेवून घेतलं. लहान मुली ते कागदावर दाबून धरतात, कडेने पेन्सिल फिरवतात आणि आत पिवळा रंग भरतात. किरणांसकट सूर्य तयार होतो. दाजी दारात उभे राहून बघतात, आणि नवी मुलगी आली की तिला सांगतात,

"बाळ, नीट बघून घे. अजून एकही दात गेलेला नाही."