नसलेल्या मजल्याची घरपट्टी

"अर्ध्या ऑफिसला गाडी मी शिकवलीय," असं म्हणत मास्तरांनी सगळी रांग ओलांडली आणि थेट खिडकीवर कोपर टेकवलं. "आई, तू नुसती बाकावर बस. उतारा बघायचा, चूक दाखवायची, घरी. चहा निवायच्या आत."

घर आईच्या नावावर, म्हणून तिला आणलं होतं. सकाळी फाटकावर कुणीतरी लाल नोटीस डकवून गेलं होतं : घरपट्टीची थकबाकी भरा, नाहीतर महिनाअखेर सील. मास्तर नोटीस वाचून हसले होते. घरपट्टी ते दरवर्षी वेळेत भरायचे आणि पावत्या फाईलला लावायचे. त्यांचं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल होतं : एक गाडी, तिला दोन ब्रेक, आणि एक मास्तर.

खिडकीमागच्या बाईंनी मान वर केली आणि मास्तरांचं हसू तिथंच बंद पडलं. अर्ध्या ऑफिसातल्या ह्या नेमक्या त्या, ज्यांना गाडी आलीच नव्हती. "स्टेअरिंग आहे ते, पाळणा नाही!" असं ते भर चौकात ह्यांच्यावर ओरडले होते. त्यावर बाई दार उघडून उतरल्या होत्या आणि चालत घरी गेल्या होत्या. गाडी चौकात, चालू.

"बोला मास्तर," बाई म्हणाल्या. "पण आधी मागे बघा. आरशात बघायची सवय हवी माणसाला."

मागे रांग होती. मास्तर रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले.

नंबर आला तेव्हा आईही बाकावरून उठून आली होती. बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"तळमजला. भोगवटादार, म्हणजे राहणारे, श्री. मोठा. सगळं भरलेलं. पहिला मजला. भोगवटादार श्री. धाकटा. मोजणी झाली तेव्हापासून एक पैसा नाही."

इतकी वर्षं पावतीवर 'श्री. मोठा' छापून येत होतं. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट, ऑफिसात आपल्याला मान आहे, अशीच त्यांची समजूत होती.

"बाई, आमच्या घराला पहिला मजला नाही."

"रेकॉर्डला आहे."

"अहो, वर गच्ची आहे! पाण्याची टाकी आणि एक मोडकी खुर्ची!"

"मग टाकीत राहत असतील."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मास्तर वळून बघणार, इतक्यात आई म्हणाली, "मीच सांगितलं होतं तसं."

"काय?"

"एक माणूस आला होता कागद घेऊन. फाटकातूनच विचारत होता, वर मान करायलाही त्याला वेळ नव्हता. म्हणाला, घरात कोण कोण असतं? म्हटलं, खाली मोठा, वर धाकटा."

"पण का?"

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग काय सांगायचं होतं? परक्या माणसाला?"

धाकट्या भावानं न विचारता शिकवणीची गाडी नेली होती आणि नाल्यात घातली होती. मास्तरांनी सगळ्या गल्लीसमोर त्याला सांगितलं होतं, "ह्या घरात एक तर गाडी राहील, नाहीतर तू." धाकट्यानं क्षणभर गाडीकडे पाहिलं होतं आणि बॅग घेऊन गेला होता. वरचा मजला वडिलांनी त्याच्यासाठी धरला होता. खांबांच्या सळया गच्चीतून तशाच वर आलेल्या होत्या. आई त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालायची.

"आणि नोटिसा पाठवल्या की आम्ही," बाई म्हणाल्या. त्यांनी फाईलमधून पाकिटांचा गठ्ठा काढला. "श्री. धाकटा, पहिला मजला. सगळ्या परत. शेरा, 'घेण्यास नकार'."

मास्तरांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. शेजारी बसून दुसऱ्याची गाडी थांबवण्यात आयुष्य गेलेलं. काही अंगावर येतंय असं दिसलं की पाय आपोआप जायचा. फरशीला ब्रेक नव्हता.

"धाकट्याच्या नावाची पाकिटं घरी येत होती?" आईनं विचारलं.

"घरपट्टीची होती गं ती."

"तुला काय माहीत? तू उघडली होतीस?"

नाव वाचून मास्तरांनी ती पोस्टमनच्या हातात परत कोंबली होती, दर वेळी, दारातल्या दारात.

बाईंनी गठ्ठा पुन्हा फाईलमध्ये सरकवला. आता त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "मजला नाहीये असा अर्ज करा. निरीक्षक येऊन बघून जातील. मालकिणीची सही लागेल. ते जमलं तर थकबाकी रद्द. नाहीतर भरावी लागेल, दंडासकट."

दंडासकट किती, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. मास्तरांनी चिठ्ठी बघितली. त्यांच्याकडे तेवढ्या किमतीची एकच वस्तू होती आणि तिला दोन ब्रेक होते.

*

निरीक्षक आले ते टेप घेऊनच. गच्चीवर पोचल्यावर त्यांनी चारही बाजूंनी नसलेला मजला मोजला आणि वहीत आकडे लिहिले.

"नाहीये ना पण," मास्तर म्हणाले. "मोजताय काय?"

"किती नाहीये ते नको का कळायला?" निरीक्षकांनी टेप गुंडाळली. "बरं. पाडला कधी?"

"कोण?"

"मजला. रेकॉर्डला होता, आता नाही, म्हणजे पाडला. विनापरवाना पाडकामाचा दंड वेगळा आहे."

"अहो, बांधलाच नव्हता!"

"मग सरळ आहे." निरीक्षकांनी छापील कागद काढला, टाकीवर ठेवून हातानं सपाट केला आणि आईपुढे पेन धरलं. "आजी, इथं सही."

टाकीत पाणी चढत होतं. त्याच्या धबधब्यात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. म्हणून निरीक्षकांनी कागद मोठ्यानं वाचून दाखवला. 'सदर जागेवर मजला नाही. सदर भोगवटादार येथे राहत नाही व पुढे राहण्याचा संभव नाही.'

आई मोडक्या खुर्चीत बसली होती. गुडघ्यांमुळे तिला बसायला वेळ लागायचा आणि उठायला त्याहून जास्त. तिनं पेनचं टोपण काढलं.

"मजला नाही, ते खरंय. त्याला सही करते," ती म्हणाली. "शेवटचं तेवढं कापा."

"छापील आहे, आजी. छापील कसं कापणार?"

"मग हाताने लिहा दुसरं."

"हाताने लिहिलेलं चालत नाही."

आईनं टोपण परत पेनला लावलं आणि पेन त्यांच्या खिशाला अडकवलं. "तुमचं पेन."

"आई!" मास्तरांचा आवाज चौकातला झाला. "अगं, गाडी जाईल! कळतंय का तुला? गाडी गेली तर लोकांना काय शिकवू मी, चालायला?"

"ओरडू नकोस, मोठ्या. मला कुठं चालवायची आहे गाडी."

निरीक्षक खोकले. त्यांना पुढच्या घरी एक नसलेली विहीर बघायची होती.

मास्तर कठड्याशी गेले. खाली गल्लीत गाडी उभी होती. पुढच्या काचेवर त्यांचंच नाव उलटं दिसत होतं आणि डाव्या दारावर नाल्याच्या कडेचा चरा. तो त्यांनी मुद्दाम रंगवून घेतला नव्हता. नव्या मुलांना ते दाखवायचे, बेफिकिरी म्हणजे काय बघा. त्यांचा पाय एकदा गच्चीवर दाबला गेला. मग त्यांनी तो उचलला.

"लिहा," ते म्हणाले. "मजला आहे."

"आहे?"

"रेकॉर्डला आहे ना? मग आहे. भरतो मी."

निरीक्षकांना काही फरक पडत नव्हता. त्यांनी दुसरा कागद काढला. "मजल्याची स्थिती? चांगली, मध्यम, की मोडकळीस आलेली?"

मास्तरांनी गंजलेल्या सळया पाहिल्या. टाकी, दोरीवरचे ओले कपडे, खुर्ची पाहिली. खुर्चीतल्या आईकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

"मध्यम," ते म्हणाले.

*

गाडी समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं घेतली. तो मास्तरांकडेच शिकला होता. भाव मात्र दुसरीकडे कुठंतरी शिकून आला होता. चावी घेताना म्हणाला, "मास्तर, ह्या चऱ्याचे पैसे कमी करा." मास्तरांनी केले.

पैसे घेऊन ते तसेच ऑफिसात गेले. रांगेत उभे राहिले, शेवटी. बाईंनी नोटा मोजल्या, पावती फाडली, आणि त्यावर 'श्री. धाकटा यांजकडून' असं लिहिलं. मग हात थांबवून विचारलं, "की तुमचं नाव टाकू?"

"राहू दे."

"पावती आज देतेय, पण नोंद सोमवारी चढेल," बाई म्हणाल्या. "सीलवाल्यांची यादी सकाळीच छापून गेलीय. ते घरी आलेच तर ही दाखवा, झालं." आणि मास्तर वळले तेव्हा हळूच, "सावकाश जा, मास्तर. चालत जाताय ना?"

मास्तर चालत घरी आले. रस्ता लांब निघाला. त्यांनी तो आजवर कधी पायी मोजला नव्हता. वाटेत एकदा त्यांनी खिशातली पावती काढून वाचली आणि पुन्हा घडी केली. ही धाकट्याला पाठवता आली असती. पत्ता असता तर.

बायको कामावरून यायची होती. खाली घर उघडंच होतं, आई नव्हती. मोटार चालू होती आणि वर टाकीत पाणी धबधबत होतं. मास्तरांनी मोटार बंद केली आणि जिना चढले.

गच्चीच्या दाराला नवं कुलूप होतं. कुलपावर फडकं, फडक्यावर लाख, अजून कोमट. शेजारी कागद डकवलेला.

"मोठ्या?" दारापलीकडून आईचा आवाज आला. "तू आहेस का रे? किती वेळ झाला, दार उघडेना. कुणीतरी दाराआडूनच धाकट्याला हाका मारत होतं. खरंच, नाव घेऊन. मी ओ दिली, आले आले म्हटलं, पण खुर्चीतून उठेपर्यंत गेले ते. कोण होतं? काही निरोप ठेवलाय का?"

मास्तरांनी कागद वाचला.

'पहिला मजला, स्थिती मध्यम, आज सील केला. श्री. धाकटा यांस तीन वेळा हाक मारली. उत्तर आले नाही. आत कोणीही राहत असल्याचे आढळले नाही. सील तोडणे गुन्हा आहे. चौकशी सोमवारी, कार्यालयीन वेळेत.'