काचेची ओळ

"पैसे खाऊ नकोस!" भिंगराव कडाडले.

"अगं बाई! मी कधी खाल्ले तुमचे पैसे?" बायकोने पेपर मांडीवर आपटला. "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

"भावातले पैसे म्हणतोय मी. कागद वाचलास तर दोनशे अकरा, पंचवीस पैसे. चोख. आणि काचेवर आलीस की नुसतं 'चारशे ब्याण्णव'. कालही तेच, परवाही तेच. काचेने काय घोडं मारलंय तुझं?"

"बरं बाबा, चुकले. उद्यापासून पैशांसकट वाचते. झालं?"

"पुढे," भिंगराव म्हणाले, आणि ती पुढची ओळ वाचू लागली. कातडं, सत्त्याण्णव, साठ पैसे.

भिंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण छत्तीस वर्षं एका वर्तमानपत्रात शेअरबाजाराच्या पानाची प्रुफं भिंग लावून तपासल्यावर खरं नाव कोणाच्या लक्षात राहणार! पगाराच्या दिवशी कारकूनसुद्धा "भिंगराव, सही करा" म्हणायचा. मुंगीएवढ्या अक्षरातलं ते पान, कंपनीमागून कंपनी, आकड्यामागून आकडा. समोर बसलेला वाचक मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचा आणि भिंगराव छापील ओळीवर बोट ठेवून ऐकायचे. ओळ बरोबर असली की म्हणायचे, "पुढे." चूक असली की, "थांब." मग लाल पेन्सिलीने त्या आकड्याभोवती गोल. कंपन्यांची नावं हातभर लांब, म्हणून वाचक आणि ते मिळून प्रत्येकीला तिच्या मालावरून हाक मारत. कागद, काच, कातडं, कापड. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एक चूक छापून गेली नाही. निरोपाच्या समारंभात संपादकांनी हे भाषणात सांगितलं, तेव्हा भिंगरावांनी मान खाली घातली होती, पण कान तेवढे टवकारले होते.

पुढे डोळे गेले. अगदी ठार नव्हे; नजरेच्या मधोमध एक काळा डाग येऊन बसला आणि हलेना. कडेकडेचं दिसायचं, पाहावं ते दिसायचं नाही. तेव्हापासून वाचक म्हणजे बायको. रोज सकाळी ती बाजाराच्या पानावरच्या दहा ओळी वाचायची आणि भिंगराव जाड काळ्या पेनाने, लिंबाएवढ्या आकड्यांत, वहीत उतरवून घ्यायचे. तशी दहांची गरज नव्हती. पैसे होते ते एकट्या काचेत. पण नुसती एक ओळ वाचायची म्हणजे त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आता एकट्या काचेतच का, हे सांगायलाच हवं. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा बायको म्हणाली होती, "आधी माझे गुडघे करून घेऊ या. उरतील ते ठेवा बँकेत." डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. भिंगराव हसले होते. "मुद्दल मोडून गुडघे कसले करतेस? काचेत टाकू. आज तीनशेला आहे. पाचशे झाली की विकू. नफ्यात तुझे दोन्ही गुडघे, आणि मुद्दल आहे तसं. आहेस कुठे?" ब्रोकरकडच्या मुलीनेही विचारलं होतं, "काका, सगळे एकाच कंपनीत? थोडे इकडेतिकडे टाकू या ना." भिंगराव तिच्यावरच उखडले. काल आलेली पोर! तिला काय माहीत, काचेच्या ओळीत छत्तीस वर्षांत एकदाही लाल गोल करावा लागला नव्हता ते. कापडाचे आकडे सदा उलटेपालटे, कातड्याचा तर रोजचा घोळ. काच मात्र स्वच्छ. जिच्या ओळीत कधी चूक सापडली नाही ती कंपनी कशी बुडेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. असा हिशेब जगात दुसऱ्या कोणी केला नसता, पण भिंगरावांना तो काळ्या दगडावरची रेघ वाटायचा.

याला सहा वर्षं झाली. घरात काचेच्या भावाला भाव म्हणायचंच बंद झालं होतं. "आज तुझे गुडघे चारशे साठवर आले गं," असं भिंगराव म्हणायचे, आणि ती म्हणायची, "येऊ देत सावकाश. त्यांना तरी कुठे भराभर चालता येतंय!"

पेपर खाली जिन्याजवळच्या पेटीत पडायचा. घर तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्या. रोज सकाळी ती कठड्याला धरून उतरायची, एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर. भिंगराव आत बसून तो आवाज ऐकायचे. उतरायला सात मिनिटं, चढायला बारा.

"अगं, आठच रुपये राहिले," वही मिटताना ते म्हणाले. "डॉक्टरांकडे तारीख घेऊन ठेवू या का?"

"घाई काय आहे एवढी? गुडघे काय पळून चाललेत?" असं म्हणून ती भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी ती चोपन्न पायऱ्या उतरून, चढून आली, धापा टाकत बसली, चष्मा पुसला.

"कागद, दोनशे दहा, नव्वद पैसे."

"पुढे."

"काच." ती जराशी थांबली. "चारशे शहाऐंशी, सदतीस पैसे. आता खूश? पैशांसकट वाचलं."

भिंगरावांचा हात वहीवरच राहिला. तोंडातून 'थांब' निघणारच होतं, पण निघालं नाही.

सदतीस पैसे? बाजाराचा भाव पाच पैशांच्या पायरीनेच चढतो आणि पाच पैशांच्या पायरीनेच उतरतो. शेवटचा आकडा शून्य, नाहीतर पाच. तिसरा असूच शकत नाही. हे भिंगरावांना झोपेतही माहीत होतं. अशा आकड्यावर त्यांचं बोट आपोआप अडायचं. पेपरवाल्यांची चूक असेल, असं त्यांच्या मनात आलं. आजकालची पोरं कुठे तपासतात!

"परत वाच गं काच."

"चारशे शहाऐंशी," ती म्हणाली, आणि मग पुन्हा ती जराशी थांबली. "बत्तीस... सदतीस पैसे. किती बारीक छापतात मेले!"

भिंगरावांनी छत्तीस वर्षं वाचणाऱ्यांचे आवाज ऐकले होते. कागदावरचं वाचणारा आवाज निराळा आणि आठवून बोलणारा आवाज निराळा. या ओळीपुरता तिचा आवाज कागदावरून उठला होता.

"पुढे," ते म्हणाले.

"कातडं, अठ्ठ्याण्णव, पाच पैसे." बिनचूक. "कापड, एकशे चाळीस, पंचावन्न पैसे." तेही बिनचूक. फक्त काच.

ती भाजी आणायला खाली उतरली. पायरीचा शेवटचा आवाज येईपर्यंत भिंगराव बसून राहिले. मग उठून फोनपाशी गेले. ब्रोकरच्या ऑफिसचा नंबर पाठ होता. आकडा एकदा कानावर पडला की तो त्यांच्या डोक्यातून जायचा नाही. बटणं चाचपून त्यांनी तो लावला.

"कोण, काका?" ती मुलगी दचकलीच. "काका, तुम्ही कसा काय फोन केलात? काकू आहेत का?"

"काचेचा भाव सांग."

"काका, मी काकूंशी बोलते ना नंतर..."

"पोरी, शेअर माझ्या नावावर आहेत. भाव सांग."

तिकडे बराच वेळ नुसती टाइपिंगची खडखड ऐकू आली.

"भाव नाहीये, काका. व्यवहार बंद केलेत काचेचे. सात आठवडे झाले. कंपनीचे हिशेबच खोटे निघाले, पंधरा-पंधरा वर्षांचे. मालक पळून गेला. चार दिवसांत भाव जमिनीवर आला आणि मग विक्रीच थांबवली. मी त्याच दिवशी फोन केला होता, काकूंनी घेतला. म्हणाल्या, त्यांना सांगू नकोस, माझी शपथ आहे तुला. मी काय करणार, काका?"

"शेवटचा भाव किती होता?"

"जाऊ द्या ना आता ते."

"किती?"

"अकरा रुपये वीस पैसे."

वीस. आकडा बरोबर होता. भिंगरावांनी फोन ठेवला.

तिथेच फोनखालच्या स्टुलावर ते बसले. खोटे हिशेब, पंधरा वर्षांचे! काचेचा ताळेबंद दर वर्षी जाहिरात म्हणून छापून यायचा, पूर्ण पान, आणि तो तपासायला भिंगरावच. एक-एक आकडा मूळ कागदाशी ताडून त्यांनी "पुढे, पुढे" म्हटलं होतं. मूळ कागदच खोटा असेल, हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. मालकाने रचलेलं खोटं त्यांनी बिनचूक छापलं होतं, आणि वर त्यावर स्वतःचं घर नेऊन ठेवलं होतं.

एकेक गोष्ट आता जागच्या जागी बसू लागली. रेडिओच्या बॅटऱ्या संपल्या म्हणून सात आठवडे तो मुका होता. आणि काच! चारशे नव्वद, चारशे पंच्याण्णव, एकदा तर चारशे अठ्ठ्याण्णव. त्या दिवशी भिंगराव लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाव घसरून चारशे एकोणऐंशी. "हात्तिच्या!" ती म्हणाली होती, "आला होता की हो हातातोंडाशी घास." डॉक्टरांच्या तारखेचं नाव काढलं की दुसऱ्या दिवशी काच पडायची. पडणारच. पाचशे झाली की विकायची असं ठरलेलं, आणि विकायला काही नव्हतंच. बिचारी रोज चोपन्न पायऱ्या उतरून चढत होती, आणि वर आल्यावर त्या आकड्याला पाचशेच्या आत दाबून धरत होती. इकडे नवऱ्याला फार वाईट वाटू नये म्हणून थोडा वर, तिकडे त्याने विकायला काढू नये म्हणून थोडा खाली. गुडघे तिचे गेले होते, आणि समजूत ती यांची काढत होती.

भिंगरावांना रडू आलं. डाग पडलेले असले तरी डोळे रडायच्या कामाचे होते.

ती आली की सगळं बोलून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. चुकलो म्हणायचं. तू म्हणालीस तसं आधी गुडघे केले असते तर आज तू ठणठणीत चालली असतीस, असं म्हणायचं. जिन्यावर पायांचा आवाज आला. एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर. मध्ये ती थांबली, कण्हली, पुन्हा चढू लागली. दार उघडून आत आली आणि म्हणाली, "भोपळा काय महाग झालाय हो! जाऊ दे, काचेवाले आपण, आपल्याला काय कमी!"

आणि हसली. भिंगरावांना तोंड उघडता आलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना तोंडच नव्हतं. सात आठवडे तिने एकच गोष्ट सांभाळली होती, यांना कळलेलं नाही ही. तीही काढून घेतली तर तिच्यापाशी काय उरणार होतं? दिवसभर ते कमी बोलले. तिने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पेपर घेऊन बसली.

"कागद, दोनशे चौदा, पाच पैसे."

"थांब," भिंगराव म्हणाले.

तिचा श्वास अडकलेला त्यांना ऐकू आला. घरातही तो शब्द चुकीसाठीच होता, हे तिला पक्कं माहीत होतं.

"काय झालं? बरोबर वाचलं की."

"कागद बरोबर आहे. मी दुसरंच म्हणतोय. काल मी विचार केला. पाचशेला काच विकायची नाही."

"नाही?"

"नाही. एवढी वर्षं सांभाळली आणि पाचशेला कसली विकायची? हजार झाल्याशिवाय हात लावायचा नाही. कितीही वर्षं लागू देत." त्यांनी पेन या हातातून त्या हातात घेतलं. "तुझ्या गुडघ्यांना मात्र थांबावं लागेल. ते माझ्यामुळे. तेवढं मला माफ कर."

पंख्याच्या वाऱ्याने पेपरचा कोपरा फडफडत होता आणि ती तो दाबून धरायचं विसरली होती.

"हजार म्हणजे फार लांब आहे हो," ती म्हणाली.

"असू दे. उद्यापासून पेपर मी आणतो. जिना मला तोंडपाठ आहे, चोपन्न पायऱ्या. कठडा धरला की डोळे लागतात कशाला?"

"पडाल कुठेतरी."

"पडलो तर तू वाच मोठ्याने, मी तिथूनच ऐकेन. वाच पुढे."

ती हसली, नाक पुसलं, पेपर सरळ केला.

"काच," ती म्हणाली. आज ती थांबली नाही. "पाचशे तीन, बावीस पैसे. अहो! गेली की हो पाचशेवर!"

"गेली ना? मी म्हणत नव्हतो?"

भिंगरावांनी वहीत लिहिलं. पाच, शून्य, तीन. मग बावीस. लिहून झाल्यावर हात सवयीने त्या दोनाभोवती गोल करायला वळला. त्यांनी तो मागे घेतला आणि पेनाचं टोपण लावलं.

"पुढे," ते म्हणाले.