सूपभर ज्वारी

"मी? आन् तिच्या दारात? मेले तरी जाणार नाय!" बानाबाईनं हातातली कापसाची वात दुधाच्या वाटीत आपटली.

मल्हारी कंपनीत निघाला होता. बुटाची नाडी बांधता बांधता त्यानं आईकडं पाहिलं. ओट्याखाली एका नव्याकोऱ्या मातीच्या कुंडीत, जुन्या लुगड्याच्या चिंधीवर मांजराचं पिल्लू पडलं होतं. अजून डोळेसुद्धा उघडले नव्हते त्याचे. कालपासून बानाबाई वातीनं त्याच्या तोंडात दूध पिळत होती, आणि पिल्लू ते सगळं ओठाच्या कडेनं सांडून टाकत होतं.

"खाली द्वारकाबाईंची ठमी मांजर मेलेल्या पिल्लांपायी रडायलीय, वर हे दुधावाचून मरायलंय," मल्हारी म्हणाला. "मधी दोन जिने. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणत्यात ना?"

"तिला गाढव म्हन्लास, एवढं मातर बरं केलंस. पन पाय धरणारी मी नव्हं."

मल्हारीनं डबा उचलला. आईपुढं शहाणपण चालत नाही, हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळं घरात बानाबाईला दुसरं सांगणारंही कुणी नव्हतं. तो गेला, दार लोटलं गेलं, आणि घरात पिल्लाचं बारीक किंकाळणं तेवढं उरलं.

बानाबाई मूळची कन्नड तालुक्यातली, धनगराची लेक. सारी हयात मेंढरांमागं चालण्यात गेली. नवरा वारला, मेंढरं विकली, लेकाला वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि ती हडको वसाहतीतल्या या तीन मजली बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर येऊन पडली. पहिले चार महिने भिंतीकडं बघत बसली. मग एके दिवशी कुणीतरी उकिरड्यावर टाकलेला वाळका मोगरा तिनं उचलून आणला. त्याला पालवी फुटली, आणि बाईनं जी कंबर कसली ती कसलीच. आता तिच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. तेलाच्या डब्यात ओवा, फुटक्या बादलीत कोरफड, वर टांगलेल्या नारळाच्या करवंट्यांत आणखी कायकाय. त्या झाडोऱ्यात एक बांडी खार राहायची. मांजरानं शेपूट तोडलेली, पण ऐट अशी की जणू तिचाच बंगला. संक्रांतीत पतंगाच्या मांज्यानं पंख कापलेला पारवा होता, तो उडत नव्हता, पण ठुमकत ठुमकत साऱ्या घरात फिरायचा आणि मल्हारीच्या ताटातलं बिनदिक्कत खायचा.

"माझ्या वटीत आलेलं जनावर आजवर मेलं नाय," असं ती साऱ्या बिल्डिंगीला सांगायची. सांगताना मान अशी ताठ करायची की ऐकणाऱ्याला हो म्हणावंच लागे.

तळमजल्यावरच्या द्वारकाबाई एकट्याच हो म्हणत नव्हत्या. द्वारकाबाई आणि काकासाहेब म्हणजे कन्नडकडचं मोठं बागायतदार घर. जमीन पोरांनी वाटून घेतली, म्हाताराम्हातारी शहरात आली, पण पाटीलकी काही अंगातून गेली नव्हती. भांडण झालं ते चैत्रात. बानाबाईचा भाऊ बिरू गावाहून एसटीत घालून लेंडीखताचं पोतं आणायचा. ती लेंड्या बादलीत भिजवून ते पाणी झाडांना घालायची. त्या दिवशी हात जरा सैल सुटला आणि पाणी कुंड्यांतून वाहून थेट खाली, द्वारकाबाईंनी वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर!

"मेंढवाडा केलाय बिल्डिंगीचा!" द्वारकाबाई अंगणात उभ्या राहून गरजल्या होत्या. "तुझ्या मेंढरांचा वास घिऊन इथं कशाला आलीस?"

"ह्याच वासावर तुमची शेतं पिकली, बाई!" वरून उत्तर गेलं. "तवा नाकाला पदर नवता लावला!"

झालं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. जिन्यात गाठ पडली तर एक कठड्याकडं बघायची, दुसरी भिंतीकडं.

आणि आता हे पिल्लू. काल बानाबाई शहागंजच्या बाजारात कुंड्या आणायला गेली होती. कुंभाराच्या दुकानापुढं टेंपोखाली सापडून एक मांजरी मेली, आणि तिचं हे एवढंसं पिल्लू पायरीखाली चिरकत होतं. दुकानदार म्हणाला, "अम्मा, ले जाव इसको. नै तो कुत्ते छोडते नै." बानाबाईनं घेतलेल्या कुंडीतच त्याला ठेवलं आणि रिक्षात मांडीवर कुंडी घेऊन घरी आली. जनावरांच्या डॉक्टरलाही दाखवलं. तो म्हणाला, वातीनं पाजत राहा, पण मांजरीचं दूध मिळालं तर सोनं होईल.

मांजरीचं दूध खालीच होतं. द्वारकाबाईंच्या ठमीची सगळी पिल्लं परवा बोक्यानं मारली होती. ठमीला दूध दाटलं होतं आणि ती दिवसभर दाराशी बसून हंबरडा फोडत होती. दोन्हीकडचं रडणं बानाबाईला गॅलरीत ऐकू येत होतं. पण जायचं कसं?

भांडणाचं सोडा, त्याहून जुनी एक गोष्ट आडवी येत होती. धनगराची मेंढरं शेतात बसली की लेंड्यांनी शेत तरारतं, म्हणून शेतकरी त्यांना रात्रीपुरतं आपल्या रानात बसवून घेतात. पण बानाबाईचा बाप कधी कुणाच्या दारात विचारायला गेला नाही. शेतमालकानं स्वतः यायचं, कळपापाशी, सूपभर ज्वारी आणि नारळ घेऊन, आणि म्हणायचं, "चला, आमच्या रानात." मग मेंढरं हलायची. "आपुन मागाया जात नसतो, बाने," बाप म्हणायचा. "आपल्याला न्यायला येत्यात." ही एक जहागीर तेवढी त्या माणसाकडं होती, आणि तिनं ती शहरापर्यंत जपून आणली होती.

दुपार कलायला लागली. बानाबाई मोगऱ्याची वाळकी पानं खुडत होती आणि एकदम तिचा हात थांबला. पिल्लाचा आवाज बंद झाला होता.

ती धावतच आत आली. पिल्लू जिवंत होतं, पोट बारीक हलत होतं, पण रडायचं त्यानं सोडून दिलं होतं. कोकरू रडतंय तोवर भ्यायचं नसतं. गप झालं की त्यानं आशा सोडलेली असते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"बाबा, माफ कर रं," ती छताकडं बघून बापाला म्हणाली. "आज मागाया चालले." तिनं पिल्लू ओटीत घेतलं, वर पदर ओढला आणि दार उघडलं.

पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थबकली. समोरून द्वारकाबाई वर येत होत्या. एक हात कठड्याला, एक हात गुडघ्याला, आणि चेहरा घामानं डबडबलेला.

आज ना कुणी कठड्याकडं बघितलं, ना भिंतीकडं.

"कुठं निघालात?" बानाबाईनं विचारलं.

"मी? गच्चीवर. कापडं आणाया." द्वारकाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आन् तू?"

"मी आपली... मोटर चालू कराया."

"लाइट नाय सकाळधरनं."

"कापडं बी नायत कुणाची गच्चीवर."

तेवढ्यात खालून ठमी ओरडली. असं ओरडली की दोघींचीही तोंडं उतरली.

"खाईना झालीय गं," द्वारकाबाईंचा आवाज फुटला. "आचळं दगड झालीत. हात लावू देत नाय. मी म्हन्लं, तुला जनावरातलं कळतं..."

बानाबाईनं पदर बाजूला केला. पिल्लू बघून द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं माझे बाई! चल, चल लवकर!" आणि गुडघ्यांचं दुखणं विसरून त्या पुढं झाल्या.

काकासाहेब खाटेवर पेपर वाचत बसले होते. "तुमी भाईर बसा," दोघी एकदमच म्हणाल्या. बिचारे पेपर घेऊन मुकाट बाहेर गेले.

ठमी कोपऱ्यात पसरली होती. बानाबाईनं ऐटीत पदर खोचला. "मीठ आना मूठभर." मीठ आलं. तिनं ते पाण्यात कालवलं आणि पिल्लाच्या अंगाला चोळलं. परकं कोकरू मेंढीच्या गळ्यात घालायचं, तर असंच घालतात. मेंढी मिठाच्या लोभानं चाटायला लागते, आणि चाटता चाटता त्याची आई होऊन जाते. आयुष्यात शंभर कोकरं तिनं अशी लावून दिली होती.

पिल्लू ठमीपुढं ठेवलं. ठमीनं वास घेतला, नाक मुरडलं, फिस्कारली आणि पाठ फिरवून पलंगाखाली जाऊन बसली.

"अगं, ती मेंढी नाय!" द्वारकाबाई म्हणाल्या. "मांजराला मिठाचं काय कौतुक?"

बानाबाईचं तोंड गोरंमोरं झालं. एवढ्या वर्षांची मिजास अशी दुसऱ्याच्या घरात, फरशीवर उताणी पडली! दुसरी वेळ असती तर ती फटकन काहीतरी बोलून बसली असती. पण हातात पिल्लू गार पडत चाललं होतं. "चुकले," ती म्हणाली. तिनं ओल्या फडक्यानं सारं मीठ पुसलं, पिल्लाला पदरात घासून ऊब दिली. "आमच्याकडं दुसरी रीत बी हाय. मेलेल्या कोकराचं कातडं जित्या कोकराला बांधत्यात. वास आपल्या लेकराचा आला की मेंढी घेते. पन इथं कातडं कुठून आनावं?"

द्वारकाबाई उठल्या आणि कपाटामागून एक घडी केलेलं गोणपाट घेऊन आल्या. "ह्याच्यावर व्याली ती. पिल्लं ह्याच्यावरच होती." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "टाकून दे, म्हन्ले हे. मला टाकवंना."

बानाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. कुरडया, भांडण, चैत्र, सगळं त्या गोणपाटाच्या घडीत कुठं गेलं कोण जाणे. "बाई," ती म्हणाली, "काम केलंत तुमी."

तिनं पिल्लू गोणपाटात गुंडाळलं आणि हळूहळू चोळलं. मग पलंगाखाली आडवी झाली. "हर्र... हर्र..." असा मेंढरांना करतात तसा घशातून आवाज काढत राहिली. ही युक्ती मांजराला कळते की नाही, देवालाच ठाऊक. पण ठमीनं हात लावू दिला. द्वारकाबाई तिचं डोकं धरून बसल्या, बानाबाईनं ठमीचं चार थेंब दूध पिळून पिल्लाच्या पाठीला लावलं आणि पिल्लू पुन्हा पुढं सरकवलं.

ठमीनं वास घेतला. पुन्हा घेतला. मग तिची जीभ बाहेर आली. पाठ, मान, डोकं, असं ती चाटत सुटली, आणि चाटता चाटता पंजानं तिनं पिल्लू पोटाशी ओढलं. जरा वेळ काहीच झालं नाही. मग बारीक चुटूचुटू आवाज आला.

"पितंय गं! पितंय!" द्वारकाबाई तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. बानाबाई तशीच फरशीवर पडून होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी कानात चाललं होतं. "झालं काय?" बाहेरून काकासाहेबांनी विचारलं.

निघताना बानाबाई म्हणाली, "आता मी यायची नाय. त्याच्या अंगाला माझा हात पुरे झाला. ते फिरायला लागंस्तोवर ठमीबिगर त्याला कुनी कळू नये."

ती शब्दाला पक्की राहिली. रोज गॅलरीत उभी राहून कान द्यायची, खाली वाकून बघायची, पण जिना उतरली की त्या दारापुढून सरळ पुढं. मल्हारी थट्टा करायचा, "आई, तुझं लेकरू खाली, आन् तू वर?" तिला ती थट्टा जरा लागायची. रिकामी कुंडी ओट्याखाली तशीच होती, चिंधीसकट. उचलायला तिचा हात होत नव्हता.

मग महिन्याभरानं एका सकाळी दार वाजलं. उघडलं तर द्वारकाबाई. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि दोन्ही हातांत सूप. सुपात ज्वारी, ज्वारीवर नारळ.

"मालकानं यायचं असतं ना तुमच्यात?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "आमचे सासरे जायचे मेंढरांपाशी. मी बघितलंय. घ्या, बानाबाई."

'घे' नव्हे, 'घ्या' म्हणाल्या. बानाबाईनं ते ऐकलं आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, ओटी पसरली आणि पाठीचा कणा सरळ ठेवून ज्वारी घेतली. घेताना म्हणायचं, 'रान पिकू दे.' तिच्या ओठावर ते आलंच होतं. पण या बाईला आता रान कुठं होतं? "घर भरलेलं राहू दे तुमचं," ती म्हणाली.

"चला आता. आपलं पिल्लू बघा."

"आपलं नाय. ठमीचं."

पिल्लू चांगलं गुबगुबीत झालं होतं. शेपूट उभारून सगळ्या घरभर नाचत होतं. बानाबाई उंबऱ्यात उभी राहिली. ते पुढं आलं, तिच्या पायाच्या बोटांचा वास घेतला, आणि पाठ कमानीसारखी करून असं फिस्कारलं की बस्स! मग तडक पळालं आणि ठमीच्या पोटाखाली शिरलं.

"मेलं बेइमान!" द्वारकाबाई ओशाळल्या. "जिनं वाचवलं तिलाच!"

"बोलू नका त्याला," बानाबाई म्हणाली. तिची मान कधी नव्हती एवढी ताठ झाली होती. "वळखलंच नाय त्यानं मला. बघा तरी, जराबी वळखलं नाय!" आणि जिन्यात भेटेल त्याला हेच सांगत ती वर गेली.

घरी येऊन तिनं कुंडीतली चिंधी काढली, धुऊन दोरीवर टाकली. कुंडीत माती भरली, वर मूठभर लेंड्या कुस्करल्या आणि ओटीतली मूठभर ज्वारी पेरली. पारवा ठुमकत आला, त्याला हाकललं. मग तांब्यानं बेताबेतानं पाणी घातलं, आणि खाली एक थेंब पडू दिला नाही.